पौषातलं लग्न आणि मिठाचं गाणं

या गं, अशा जवळ सरका. तिकडं दाराशी बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. पण आधी थोडं रागावून घेते. बार्शीला परत येऊन मला इतके दिवस झाले, आपल्या भजनी मंडळातल्या एकीनं तरी धड चौकशी करावी की नाही? भेटल्यावर विचारता ते काय, तर "समुद्र बघितला का?" बघितला. पाण्याचाच आहे. पण मी तिकडं मुलगी देऊन आले, ते कुणी विचारलं नाही! स्वतःला मुलगी नाही, पोटी दोन मुलगे, आणि पासष्टी उलटल्यावर मी कोर्लईला विहीण करून आले. आता तोंडाला हात लावू नका, ऐका.

रेवदंडा

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मुक्ता तुम्हाला माहीत आहे, मुंबईत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गाते. तिनं दोघा मित्रांबरोबर एक गाण्याचा संच काढलाय, नाव 'खारवट'. ढोलकीवर जितू, तो रेवदंड्याच्या अलीकडच्या एका आगरी गावातला. व्हायोलिनवर सायमन, तो खाडीपलीकडच्या कोर्लईचा ख्रिस्ती. आणि गाणी कसली? तर फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, आणि इंग्रज यांच्या राज्यात ह्या किनाऱ्यावर जे जे वाईट झालं त्याची. मला फोनवर म्हणाली, "मावशी, चौलला शनिवारी कार्यक्रम आहे, आठवडाभर सराव आहे, तू चल." मी म्हटलं, एवढी वाईट गाणी ऐकायला मी एवढ्या लांब येऊ? "तू ये तर," म्हणाली.

गेले. रेवदंड्याला रिक्षातून उतरले तर नाकात आधी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. आपल्याकडं अंगणात सांडगे वाळतात ना, तसे इथं काठ्यांवर ओळीनं बोंबील लोंबत होते. मला मटण चालतं, मासळीची सवय नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जितूच्या घरी चहाबरोबर म्हणून समोरचा डबा उघडला, मूठभर शेव घेतली आणि तोंडात टाकली. ती शेव नव्हती बायांनो, जवळा होता. बारीक सुकी मासळी! मिशा आणि डोळ्यांसकट! मी गिळलं, पाणी प्याले आणि म्हटलं, "छान आहे हं, खमंग." तेव्हापासून परत निघेपर्यंत जेवताना माझ्या ताटात मूठभर जवळा पडायचाच. मावशींना आवडतो ना!

सराव किल्ल्यात होता. म्हणजे किल्ला म्हणायचं, आता जुन्या पडक्या भिंती, त्यांच्या मधून नारळाच्या वाड्या आणि पलीकडं समुद्र. मुक्तानं पहिलं गाणं घेतलं. फिरंग्यांच्या गलबतांत माणसं कोंबून, ढोरासारखी विकायला न्यायचे, त्याचं गाणं. शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा. पण चाल? चाल अशी की माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला! शेजारून डोक्यावर पाटी घेऊन दोन कोळणी चालल्या होत्या, त्याही कमरेत ठेका घेत थांबल्या.

मी सायमनला म्हटलं, "अरे, एवढं वाईट झालं आणि चाल एवढी नाचरी?"

"मावशी, रडत गायलं तर लोक हात जोडून पुढं जातात," तो म्हणाला. "नाचरं गायलं तर थांबतात. थांबले की शब्द कानात शिरतात. मग कसे जागच्या जागी उभे राहतात, बघा."

खरंच, त्या कोळणींपैकी एकीनं पाटी खाली ठेवली होती. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "मेल्यांनो, धंद्याचा टाइम हाय नि रडवता काय?" आणि तरी जाईना.

ठमाबाय

आता खरी गोष्ट. त्यांच्याकडं सगळी गाणी होती, एक नव्हतं. मिठाचं. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. समुद्राच्या काठाला आपोआप जमलेलं मीठसुद्धा उचलायची बंदी, उचललंत तर शिक्षा. त्या काळातलं एक गाणं जितूच्या आजीला येतं, आणि आता एकट्या तिलाच येतं. तिचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. तिला सगळं गाव ठमाबाय म्हणतं. ठमाबाय धवलारीण आहे. म्हणजे आगरी लग्नात विधी गाऊन लावणारी बाई. हिचे धवले, म्हणजे ती लग्नातली गाणी, झाल्याशिवाय हळदीला पुढं सरकायची सोय नाही. आणि तोरा म्हणाल तर असा, की आपल्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी पाणी भरावं. (अध्यक्षीणबाई, रागावू नका, तुम्हीही भेटलात की हेच म्हणाल.)

मी तिच्यासाठी आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. तिनं भाकरी कानापाशी नेऊन मोडली, कडकन आवाज झाला. "ही भाकर हाय का कौल?" म्हणाली. पण खाल्ली सगळी.

जितूनं आजीच्या पायाशी बसून पुन्हा विषय काढला. कितव्यांदा ते त्यालाच ठाऊक. "आजी, फक्त एकदा. शनिवारी कार्यक्रम हाय."

"न्हाय."

"फोनवर भरून घेतो, तुला परत तरास न्हाय."

"फोनान भरलास तर पोरी शिकतील कशाला? डब्यान गानं ठेवतान काय, लोनचं हाय?" ठमाबायनं मान उडवली. "तो धवला हाय. मांडव कुठं हाय? नवरी कुठं हाय? हलद कुठं हाय? मांडवाबिगर धवला तोंडान घेतला तर माजी सासू सपनान येऊन कान धरील."

मुक्ता रडवेली झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, आजीचं वय झालंय. मागच्या पावसाळ्यात केवढी आजारी होती. हे गाणं दुसऱ्या कुणालाच येत नाही गं. आणि आता पौष. पौषात लग्न कुठून आणू?"

आणि बायांनो, माझ्या तोंडून गंमतीनं निघून गेलं, "मग बाहुलाबाहुलीचं लावा की! बाहुलीला कसला आलाय पौष?"

मी हसले, मुक्ता हसली. ठमाबाय नाही हसली. तिनं पदर खोचला. "नवरी कुनाची?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कुणाची म्हणजे... माझी."

"मग उद्या हलद, परवा लगीन. मांडवाला उंबराची फांदी पायजे, आंब्याचा टाला पायजे. रुखवत पायजे. मला लुगडं पायजे. आनि जेवान काय?"

झालं की! घर हललं. जितूचे वडील मांडवाच्या बांबूंना निघाले, आई वाटणाला बसली. मी माझ्या पिशवीतलं खणाचं ब्लाऊज फाडलं, चांगलं होतं बरं का, आणि बाहुली शिवायला घेतली. डोळे काजळाचे, नथ मण्याची. शिवता शिवता तिचं नाक जरा मोठं झालं, पण आमच्या घराण्यात सगळ्यांचंच आहे.

नवऱ्या मुलाची जबाबदारी सायमनवर. तो दुपारी कोर्लईहून आला, बरोबर त्याची आई आंजेलाबाई. त्यांनी पिशवीतून पेपरात गुंडाळलेला नवरा काढला आणि मी पोट धरून खाली बसले. नुकताच नाताळ झाला होता. त्यांच्या घरी नाताळचा गोठा मांडतात, गाई, मेंढ्या, बाळ येशू, आणि त्याला भेटी घेऊन आलेले तीन राजे. त्यातला एक राजा! डोक्यावर मुकुट, छातीपर्यंत दाढी, अंगात जांभळा झगा, हातात डबा.

ठमाबायनं त्याला उलटापालटा करून पाहिलं. "नवरा वयानं मोटा दिसतंय."

"राजा आहे तो, आजी," सायमन म्हणाला.

"हातान डबा कसला?"

"भेट आणलीय. सोनं आहे त्यात."

"मंग वयाचं चालतंय," ठमाबाय म्हणाली.

आंजेलाबाई मला म्हणाल्या, "विहीणबाई, आमचा मुलगा काही कमी नाही हं, उंटावरून आलाय. पण मला परत पाहिजे. पुढच्या नाताळाला गोठ्यात एक राजा कमी नको." मी म्हटलं, "तुमचा मुलगा तुमच्याच घरी राहणार, माझी मुलगी सांभाळा म्हणजे झालं. तिला मासळी साफ करायची सवय नाही." त्या म्हणाल्या, "शिकवू. जवळा आवडतो का?" म्हणजे ती बातमी खाडी ओलांडून गेली होती!

ह्या कोर्लईच्या लोकांची घरात बोलायची भाषा वेगळीच, जुन्या फिरंग्यांची राहिलेली. मायलेकरं आपसात बोलायला लागली की मला एक अक्षर कळेना. मी सायमनला विचारलं, "अरे, फिरंग्यांनी एवढं वाईट केलं म्हणून गाणी करतोस आणि घरात त्यांचीच भाषा?" तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बटाटा खाता, दाराला चावी लावता, पगार घेता. सगळे त्यांचेच शब्द. आमच्याकडं जरा जास्त राहिले एवढंच."

मांडवात

हळदीच्या दिवसाचं काय सांगू! आपल्याकडं हळद म्हणजे गालाला बोट लावलं, झालं. इथं हळद हाच खरा सोहळा. बाहुली पिवळी, राजाची दाढी पिवळी, मी पिवळी, ढोलकी पिवळी. गावातल्या बायका आधी गंमत बघायला म्हणून कुंपणाशी उभ्या राहिल्या, मग "आमची बाजू कंची?" विचारत आत शिरल्या आणि दोन तट पडले. मुलीकडच्या आणि मुलाकडच्या. मुलाकडच्यांनी चहा थंड आहे म्हणून रुसवा काढला. मुलीकडच्यांनी नवऱ्याला दाढी करून आणा म्हणून अडवलं. मातीच्या राजाला दाढी कशी करणार? शेवटी सायमननं दाढीवर रुमाल बांधला आणि तह झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी ठमाबाय नवं हिरवं लुगडं नेसून मांडवात बसली. मुक्ताला तिनं मागं बसवलं. "माज्या मागून बोल. कागदावर लिवायचं न्हाय. मांडवान शिकशील तर मांडवान आठवंल." आणि गायला लागली. आवाज चिरका, पण पोलादासारखा सरळ.

*खाजनाचे कडंला गो मीठ पिकलं,*
*आयनं लेकीचे पदरी लपवलं...*

(खाजण म्हणजे खाडीकाठची खारट जमीन.) मुक्ता तिच्या मागून प्रत्येक ओळ उचलत होती. जितूनं ढोलकीवर हळू बोटं ठेवली, सायमननं व्हायोलिन खालच्या पट्टीत धरलं. मी इकडं वरमाईबरोबर, म्हणजे आंजेलाबाईंबरोबर, पिवळ्या तोंडानं पाटावर बसलेली, हसू आवरता आवरेना. कारण राजाचा मुकुट मुंडावळ्यांत अडकला होता आणि अंतरपाट धरलेल्या दोघी खुसुखुसु हसत होत्या. टाळ्या पडल्या, अक्षता पडल्या, लग्न लागलं.

आणि ठमाबाय थांबली.

"पुढं?" जितू म्हणाला.

"पुढचं कडवं पाठवनीचं. नवरीची आय रडल्याबिगर घेता न्हाय येत."

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. आता मी काय करू? त्या दोन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी मागच्या दहा वर्षांत हसले नव्हते. रडायचा प्रयत्न केला तर फिस्सकन हसू आलं. मला बघून आंजेलाबाई हसल्या. त्यांना बघून मुलाकडचे सगळे.

"मावशी, प्लीज," मुक्ता म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आलेला. एवढं सगळं करून गाणं अर्धं राहणार!

कुणीतरी म्हणालं, कांदा आणा. धावत जाऊन माळेतला कांदा आणला, फोडला, माझ्या नाकाशी धरला. पण तो अलिबागचा पांढरा कांदा! साखरेसारखा गोड, डोळ्याला झोंबतच नाही. मी एक फाक खाऊन टाकली. मग तर ठमाबायसुद्धा हसली आणि म्हणाली, "कांद्याचं पानी मला चालत बी न्हाय गो बाय. मानसाचं पायजे."

मी म्हटलं, "ठमाबाय, मला निदान सांगा तरी, त्या कडव्यात आहे काय? गाऊ नका. नुसतं बोला."

बोलायला हरकत नाही, असं तिनं मनाशी ठरवलं असावं.

"आयनं पहाटेचं जाऊन काठावरचं मीठ येचलं," ती म्हणाली. "लेकीच्या पदराला गाठ मारून दिलं. सासरी पयल्या दिवशी कुनापुढं हात नको पसरायला. नाक्यावर शिपायानं गाठ सोडून बगितली. मीठ कुनाचं? आय मागं उभी होती. ती बोलली, माजं. लेकीला बोलली, तू चाल. पाठवनीला नवरीनं मागं वलून बगायचं नसतंय, आमचे तसा रिवाज हाय. लेक चालली. तिनं न्हाय बगितलं. मागं आयला धरून नेली, ते तिला सासरी गेल्यावर कलालं."

"मग? आई परत आली?"

"गान्यान तेवडंच हाय," ठमाबाय म्हणाली.

आंजेलाबाईंनी रुमालातला राजा पुढं केला, रीत म्हणून. मी बाहुली उचलली. मुलाकडच्यांच्या हातात द्यायची, तोंड पुढं करून. मी हात पुढं केले, आणि काय झालं मला सांगता येणार नाही, बाहुलीचं तोंड मी माझ्याकडं फिरवलं.

"अगो, वलवू नको! वलवू नको!" चार-पाच बायका एकदम ओरडल्या.

"ऱ्हाऊ दे," ठमाबाय म्हणाली. "बगू दे तिला."

ते काजळाचे दोन डोळे, ते मोठं नाक. मी बघत राहिले. माझं मला कळलंही नाही, आंजेलाबाईंनी त्यांच्या पदरानं माझी हनुवटी पुसली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "विहीणबाई, हळद उतरतेय तुमची."

आणि ठमाबायनं कडवं घेतलं.

*चाल बाये चाल गो, पुडंच बग,*
*मागं कोन रडतंय, नको इचारू मग...*

पहिल्यांदा तिनं एकटीनं म्हटलं. दुसऱ्यांदा मुक्तानं मागून म्हटलं. तिसऱ्यांदा सायमनच्या व्हायोलिननं ते उचललं आणि जितूची ढोलकी जरा उठली, मग आणखी उठली, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत आमच्या दोन्ही बाजू फेर धरून नाचत होत्या! ठमाबाय मधोमध. ते शब्द तोंडात आणि पाय हे असे! सायमन किल्ल्यात म्हणाला होता ते मला तेव्हा पायातून कळलं.

जेवणाला पोपटी होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढ्याचा जाळ, आत पाण्याचा थेंब नाही. आपल्या हुरड्याची बहीणच म्हणा, पण सासरी जरा सुधारलेली. मी किती खाल्लं विचारू नका. नवरीच्या आईनं उपास करायचा असतो म्हणे. जेवून झाल्यावर सांगितलं त्यांनी मला.

चौल

शनिवारी चौलला एका नारळी-पोफळीच्या वाडीत कार्यक्रम. तिथं शिकलीसवरलेली, नोकऱ्यांची मंडळी, नीट खुर्च्यांवर बसायला आलेली. मुक्तानं त्यांना मधून दोन भाग पाडून सांगितलं, "उजवीकडचे मुलीकडचे, डावीकडचे मुलाकडचे." स्टेजवर मांडव. आदल्या दिवशी बसून मी दुसरी बाहुली शिवली होती, ह्या वेळी नाक सांभाळून. आंजेलाबाईंनी दुसरा राजा आणला. पाठवणीच्या वेळी मी बाहुली पुढं नेली तर मुलीकडचे एक निवृत्त हेडमास्तर खुर्चीतून उठून म्हणाले, "जरा थांबा हो. बघू द्या तिला आईकडं." त्यांना ह्यातलं आधी कुणीही काही सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमानंतर मुक्तानं ठमाबायला विचारलं, "आजी, आता आलं ना मला गाणं?"

ठमाबायनं तिच्या गालाला हात लावला. "दोन कडवी आली. बाकीची हलत्यात अजून. आनि मिठाचा हा एकच न्हाय, आनखी हायत धवले. लगनं लावा."

तर असं आहे बायांनो. ती गाणं देणार, पण मांडवातच. दर मांडवात थोडं. मुक्ता आता महिन्याला एक लग्न काढायचं म्हणते, जमेल तिथं, जमेल तसं. आणि ठमाबाय निघताना माझा हात धरून म्हणाली, "बार्शीवाले, तुजी मानसं कुठं हायत? मुलीकडच्या झाल्या त्या बी आमच्याच गावच्या. नवरीच्या माहेरची एकटी तूच. कडवं उचलायला मागं बाया पायजेत. माज्या मागं पोरगी, पोरीच्या मागं बाया, तवा ते ऱ्हातंय."

तिथं नुसता आवाज असून भागत नाही; सूर लागला नाही तरी चालतंय, मागून ओळ धरता आली पाहिजे. आणि ते तर तुम्ही इतकी वर्षं दर गुरुवारी करताच आहात. मी बाहुल्या शिवतेय, नव्या दोन झाल्या आहेत. खणाचे तुकडे असतील तर घेऊन या, नसतील तर नुसत्या या. माघात पुढचं लग्न आहे, आंजेलाबाईंनी तिसरा राजा पुसून ठेवलाय, जितूची आई म्हणते घरात मावतील तेवढ्या सगळ्या या. फक्त फार दिवस लावू नका. ठमाबायला अजून बरंच द्यायचं आहे. लवकर या गं.